थंडीतला सामना आणि बाकावर बसलेला खेळाडू

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की वर्तमानपत्रात 'किमान तापमान' नावाची चौकट येते आणि मैदानावर जाणारी मंडळी त्या एका आकड्यावर कपड्यांपासून सरावाच्या वेळेपर्यंत सगळे ठरवून मोकळी होतात. खेळाडूच्या दृष्टीने हा आकडा एकटा फसवा आहे. त्याला थंडी बाधते ती अंगावरचा ओलावा, वारा आणि थांबणे या तिन्हींची गाठ पडली की. त्यातल्या थांबण्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पळणाऱ्याचे स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात त्यातला जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून गारठ्यातही पळणाऱ्याला घाम फुटतो. शिट्टी वाजली, खेळाडू बाहेर आला, की ही भट्टी काही मिनिटांत मंदावते. घामाने भिजलेला सदरा मात्र आपले काम चालूच ठेवतो. एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता लागते. सदऱ्यात 200 ग्रॅम घाम मुरला असेल, आणि सुती सदऱ्यात तो सहज मुरतो, तर तो वाळायला साधारण 115 किलोकॅलरी हव्यात. स्वस्थ बसलेले शरीर तासाभरात 70 ते 80 किलोकॅलरीच निर्माण करते. म्हणजे दीड तासाची कमाई नुसता सदरा वाळवण्यात जाणार, आणि तिचा बराचसा भाग अंगातूनच ओढला जाणार. शिवाय पाण्यातून उष्णता हवेच्या जवळपास 25 पट वेगाने वाहते, त्यामुळे अंगाला चिकटलेले ओले कापड न वाळताही गारवा आत पोचवते.

यावरचा उपाय साधा आहे, तरी तो पाळला जात नाही. अंगालगतचा थर सुती नको. पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा, अंगाला बसणारा हवा. त्यावर गरजेप्रमाणे फ्लीस किंवा लोकरीचा थर आणि सर्वांत वर वारा अडवणारे, पुढून चेन असलेले जाकीट. चेन महत्त्वाची, कारण डोक्यावरून काढायचे स्वेटर खेळाच्या मध्ये कोणी काढत नाही आणि आतल्या आत घामाघूम होतो. कपडे निवडताना हवा आहे त्यापेक्षा सात-आठ अंशांनी गरम आहे असे धरा. पहिली पाच-सात मिनिटे थोडी हुडहुडी भरली तर कपडे बरोबर आहेत. घरातून निघतानाच ऊबदार वाटत असेल तर ते जास्त झाले. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा सदरा, मोजे आणि कानटोपी ठेवा आणि खेळ संपल्यावर पाच मिनिटांच्या आत बदला. फोटो, बक्षीस समारंभ, चहा सगळे त्यानंतर. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे मात्र खरे नाही. डोक्याचे क्षेत्रफळ अंगाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. कानटोपी घालायचीच, पण तिच्या भरवशावर अर्ध्या चड्डीत उभे राहू नये.

वाऱ्याचा हिशेब पाहा. हवेचे तापमान 5 अंश सेल्सिअस आणि वाऱ्याचा वेग ताशी 30 किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ती हवा 0 अंशाची जाणवते. उणे 10 अंशांना तोच वारा असेल तर जवळजवळ उणे 20 अंशांची. सायकलस्वाराला यासाठी वारा सुटायचीही गरज नसते. ताशी 30 च्या वेगाने जाताना तो स्वतःच वारा निर्माण करत असतो. छातीला वारा अडवणारे कापड आणि पूर्ण बोटांचे हातमोजे त्याच्यासाठी अत्यावश्यक, कारण बोटे बधीर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. धावणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी जाताना वाऱ्याला तोंड द्यावे आणि परतताना वारा पाठीशी घ्यावा. उलट केले तर घामेजलेले, थकलेले अंग परतीच्या वाटेवर नेमके वाऱ्याच्या तोंडी सापडते. तीव्र थंडीच्या प्रदेशांत जाणवणारे तापमान उणे 27 च्या खाली गेले की उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, म्हणजे ती गोठू शकते, तेव्हा नाक, गाल आणि कान झाकल्याशिवाय बाहेर पडूच नये.

आता बाकाकडे वळू. गार स्नायू सावकाश आकुंचन पावतो, कमी जोर लावतो, आणि मज्जातंतूंतून जाणारे संदेशही मंदावतात. म्हणून थंडीत पहिल्या काही मिनिटांत, मध्यंतरानंतर लगेच किंवा राखीव खेळाडू आत आल्या आल्या पहिल्याच वेगवान धावेत मांडीचा मागचा स्नायू ताणला जाण्याचा धोका असतो. वॉर्मअपला थंडीत 15 ते 20 मिनिटे द्या: पाच-सहा मिनिटे हलकी धाव, मग गुडघे उचलणे, पाय पुढे-मागे झुलवणे, बाजूला सरकत धावणे, आणि शेवटी 20-30 मीटरच्या चार-पाच धावा, निम्म्या वेगापासून हळूहळू नव्वद टक्क्यांपर्यंत. एकाच जागी उभे राहून स्नायू मिनिट-मिनिटभर ताणून धरणे आधी नको. त्याने जोर उलट घटतो. ते सामना संपल्यावर, कोरड्या कपड्यांत.

एवढे करून संघ मैदानात उतरतो आणि राखीव खेळाडू धातूच्या बाकावर बसतात. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा वॉर्मअप वाया गेलेला असतो. बाकावर चटई किंवा फोम, पायाखाली रबरी पट्टी, अंगात पूर्ण विजार आणि जाकीट, आणि दर दहा मिनिटांनी दोन-तीन मिनिटे हालचाल, एवढे हवेच. मध्यंतराची शेवटची तीन-चार मिनिटे सगळ्या संघाने पायांवर घालवावीत. गोलरक्षक हा मैदानातच असलेला बाकावरचा माणूस. चेंडू पलीकडे असताना त्याने पुढे-मागे सरकत राहायचे, उड्या मारायच्या, आणि त्याच्या अंगावर बाकीच्यांपेक्षा एक थर जास्त असायचा. क्रिकेटमध्ये हीच गत सीमारेषेवरच्या आणि स्लिपमधल्या क्षेत्ररक्षकांची. बोटांच्या कातडीचे तापमान 15 अंशांच्या खाली गेले की बोटांचे कसब कमी होते. झेल सुटतो तो सुटतो, वर बोटाला मार बसतो. दोन षटकांच्या मध्ये हात खिशात घालण्यात कसलाही कमीपणा नाही, प्रशिक्षकांनी त्यावर ओरडणे थांबवावे. पंच आणि गुणलेखक यांची आठवण तर कोणालाच नसते.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक काटेकोर राहावे लागते. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठे आणि चरबी कमी, म्हणून ती लवकर गार पडतात. खेळाच्या नादात ती सांगतही नाहीत. मूल अचानक गप्प झाले, हात काखेत घालून उभे राहिले, चिडचिड करू लागले, की तेवढे पुरे. त्याला आत घ्यावे.

मैदान आणि चेंडू यांच्याविषयी थोडेच. फुटबॉल 25 अंशांच्या खोलीत बाहेरच्या हवेपेक्षा 0.8 वातावरण (दाबाचे एकक) जादा दाबाने भरला आणि 0 अंशाच्या मैदानावर आणला, तर दाब साधारण 0.65 वर येतो. नियमाची मर्यादा 0.6 ते 1.1 आहे, म्हणजे तो काठावर पोचला. म्हणून चेंडू अर्धा तास बाहेर ठेवून मैदानावरच दाब मोजावा. खोलीतच अंदाजाने जास्तीची हवा कोंबू नये. गोठलेल्या जमिनीवर बुटाची टाच दाबून पाहावी. स्टड, म्हणजे तळाचे खुंट, आत शिरत नसतील तर लांब स्टडचे बूट घोट्याला घातक. सावलीतला कोपरा आणि गोलपुढची तुडवलेली जागा सर्वांत शेवटी मोकळी होते, त्यामुळे पाहणी तिथेच करावी, मध्यवर्तुळात उभे राहून नव्हे. बुटात दोन जाड मोजे कोंबण्याचा मोह टाळावा. बूट आवळला की रक्तपुरवठा कमी होतो आणि पाय जास्तच गार पडतात. पाय तासन्‌तास ओले आणि गार राहिले तर शून्याच्या वरच्या तापमानातही नसांना इजा होते.

श्वासाचा त्रास हा थंडीतला सर्वांत जास्त अंगावर काढला जाणारा प्रकार. हवा गार म्हणजे कोरडीही. जोरात खेळताना तोंडाने भरमसाट हवा आत जाते, तिला ऊब आणि ओल देता देता श्वासनलिकेचे अस्तर सुकते, त्यातून दाह निर्माण करणारी द्रव्ये सुटतात आणि नळ्या आवळतात. खोकला, घरघर, छातीत आवळल्यासारखे वाटणे हे बऱ्याचदा खेळ थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत शिगेला पोचते, म्हणून लोक त्याला दमणे समजतात. तोंडावर पातळ गळपट्टा किंवा कापडी नळी ओढून घेतली तर आत जाणारी हवा थोडी कोमट आणि दमट होते. दमा असलेल्यांनी डॉक्टरांनी दिलेला इनहेलर खेळापूर्वी 10-15 मिनिटे आधी घ्यावा आणि दुसरा प्रशिक्षकाकडे ठेवावा. गाडीत राहिलेला इनहेलर गार पडलेला असतो आणि फवारा नीट सोडत नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या क्रॉस कंट्री शर्यती मार्गावरच्या सर्वांत थंड जागी तापमान उणे 20 च्या खाली गेले की पुढे ढकलल्या किंवा रद्द केल्या जातात. इतक्या कसलेल्या खेळाडूंसाठी मर्यादा असते, तर हौशी स्पर्धांना ती नको कशी?

चाळिशीपुढच्यांनी, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी, एक ध्यानात ठेवावे: थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. अंथरुणातून उठून थेट जोरात पळायला लागू नये. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर 'गारठ्याने असेल' म्हणून पुढे रेटू नये. तहान थंडीत कमी लागते आणि लघवी जास्त होते, तेव्हा पाणी आठवणीने प्यावे लागते: खेळाआधी दोन तासांत 400-500 मिलिलिटर, खेळताना दर 20 मिनिटांनी चार-सहा घोट. तासापेक्षा जास्त चालणाऱ्या खेळात तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, कारण कुडकुडण्यालाही इंधन लागते.

धोक्याची खूण ओळखायची कशी? शरीराचे आतले तापमान 37 वरून 35 अंशांच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू झाला. आधी अनावर कुडकुडणे, मग जीभ जड होणे, वस्तू हातातून निसटणे, अडखळणे, विचित्र हट्ट. खेळाडूला अंगठा आणि करंगळी टेकवायला सांगा, दहा-बारा पावले टाचेला चवडा लावत सरळ चालायला सांगा. जमले नाही तर त्याचा खेळ संपला. डोक्याला मार लागलेल्याची किंवा रक्तातली साखर घसरलेल्याची लक्षणेही अशीच दिसतात, त्यामुळे तीही शक्यता तपासावी. कुडकुडणे थांबले आणि माणूस अजून गारच आहे, तर प्रकृती बिघडते आहे. त्याला बरे वाटू लागले असे समजून पाठ थोपटण्याची चूक याच ठिकाणी होते.

अशा वेळी क्रम असा: वाऱ्याच्या आड न्या, खाली चटई घाला, ओले कपडे काढा (गरज पडली तर कापा), कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा आणि वरून प्लॅस्टिक किंवा फॉइलचे आवरण घाला. खालची चटई सर्वांत जास्त विसरली जाते. नुसती गार जमीन अंगातली ऊब ओढून घेते. शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल तर गोड, कोमट पेय द्या. गरम पाण्याच्या पिशव्या कापडात गुंडाळून छातीला आणि काखेत लावा. हातपाय चोळू नका, गरम पाण्याखाली उभे करू नका, मद्य तर मुळीच नको. निदान अर्धा तास चालवू नका. शुद्ध हरपली असेल तर रुग्णवाहिका बोलवा, तोंडात काही घालू नका, हळुवार हलवा, श्वास आणि नाडी मिनिटभर तपासा. नाहीतच असे दिसले तर छातीदाब (सीपीआर) सुरू करा आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत सोडू नका. 1999 साली नॉर्वेत स्कीइंग करताना बर्फाखालच्या पाण्यात अडकलेल्या ॲना बागेनहोल्म या डॉक्टर तरुणीचे तापमान 13.7 अंशांवर गेले होते, आणि ती वाचली. हिमदंशाची जागाही चोळू नये, शेकोटीशी धरू नये. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच ती 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवावी.

हे सारे बर्फाळ मुलुखापुरते आहे असे वाटत असेल तर 22 मे 2021 आठवावा. चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला आणि 172 पैकी 21 धावपटू गारठून मेले. महिना उन्हाळ्याच्या तोंडाचा, अंगात बहुतेकांच्या अर्ध्या चड्ड्या, आणि वारा अडवणारे जाकीट आयोजकांच्या सक्तीच्या यादीत नव्हते. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली. ते सहाही वाचले. त्याच्याकडे औषध नव्हते. आडोसा आणि ऊब होती.

आयोजकांकडे आमचे मागणे एवढेच: प्रत्येक संघाच्या बाकामागे दोन ब्लँकेट, एक चटई, फॉइलचे आवरण आणि गोड कोमट पेयाचा थर्मास असावा, शर्यतीत प्रत्येक टप्प्यावर मागे राहिलेल्यांची मोजणी व्हावी, आणि सामना थांबवण्याचा अधिकार कोणाचा हे नाणेफेकीआधी ठरलेले असावे. आणि आपल्याकडे एक विनंती. किमान तापमानाच्या चौकटीत सकाळी सहा ते नऊच्या वाऱ्याचा वेग आणि पावसाचा अंदाज यांचीही एक ओळ द्यावी. जागा फारशी लागणार नाही.

आपले विश्वासू,
मैदानी खेळांचे काही प्रशिक्षक आणि प्रथमोपचार स्वयंसेवक