आवाज, आवाज!

वडसा, १८ जानेवारी

सुमे,

दिवाळीत लिहीन म्हटलं होतं, संक्रांतही गेली. आधी शिव्या दे, मग वाच. गुडघा तसाच, बी.पी.ची गोळी चालू. झालं.

परवा ब्रह्मपुरीकडे बैलांच्या शंकरपटानिमित्त आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाचा प्रयोग होता. रात्रीचे तीन वाजलेले, माझा तो पोरीच्या मढ्याजवळचा प्रवेश. मी तोंड उघडलं अन् मागून एक ओरडला, "आवाज!" मग चौघं. मग शिट्ट्या. पंचवीस सीझनमध्ये मला कोणी "आवाज" म्हटलं नव्हतं वो! तूच म्हणायचीस ना, लतीचं रडणं बाजूच्या गावात बिनतिकिटाचं ऐकू जाते.

आधी मी माईकवाल्यावर घसरले. लटकते माईक तिन्ही सुरू होते. ऑर्गनवाले काका नुसते पाहत राहिले, ते जास्त लागलं.

तुझ्यापाशी काय लपवू? पावसाळ्यात मुंबईला त्या मालिकेत मोलकरीण करून आले ना. तीन दिवस, सात वाक्यं. पदराखाली चिमुकला माईक, अन् नातवाच्या वयाचं पोरगं दर वाक्याला म्हणे, "ताई, कमी. अजून कमी." पहिल्या दिवशी राग आला. तिसऱ्या दिवशी बाप्पा, मला ते आवडलं! दुःख कोणाला फेकून मारावं लागत नाही, नुसतं ठेवायचं. परवा मी मुद्दामच हळू बोलले, सुमे. मढ्याजवळ आई बोंबलते का? पण थंडीत घोंगडी घेऊन शेवटी बसलेल्या माणसानंही तिकीट काढलंच होतं. त्यानं काय माझे ओठ पाहावेत?

अन् गंमत ऐक. निर्मात्यानं पोस्टरवर माझ्या नावापुढे लावलंय, 'मालिका फेम'! एवढ्या वर्षांच्या झाडीपट्टीचं काही नाही, चहाच्या ट्रेचं कौतुक. २०२३ मध्ये आपल्याच झाडीपट्टीच्या नटाला, परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या लाईनीत सगळे कसे ताठ चालत होते! तिकीट मात्र अजून टीव्हीच्याच नावावर खपते.

तुझी भक्ती बर्वे आठवली. त्याच गळ्यानं दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या अन् त्याच गळ्यानं 'ती फुलराणी' करायच्या. बाईंनी हे कसं जमवलं, विचारायला हवं होतं कोणीतरी. २००१ च्या फेब्रुवारीत, वाईचा प्रयोग करून परतताना एक्स्प्रेसवेवर गेल्या, ती बातमी आपल्याला गाडीत कळली. तू रंग लावायला बसेना, अन् मी म्हटलं, "तिकिटं फाटली आहेत, ऊठ." आठ दिवस बोलली नव्हतीस. मी दगड नव्हते गं. तुझ्या जागी उभी राहायला दुसरी कोणी नव्हती. अन् तो हिरवा शालू मी घेतला नव्हता, हे शेवटचं सांगते.

पोराचं पुण्याला जमलं म्हणे, छान झालं. भाऊजींचा डोळा कसा आहे? धान विकला का?

२८ तारखेला आरमोरीजवळ तोच प्रवेश आहे. ये. पुढे खुर्चीवर बसू नको, पार मागे धानाच्या तनसीवर बस. मी हळूच बोलणार आहे. नाही ऐकू आलं, तर पहिली तूच ओरड.

तुझी
लती