तुटक रेघेतली सू

सांगली
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय दिग्या,

मंगळवारी फोनवर तू सहज बोलून गेलास, "फॅन्टास्टिक फोरच्या चौघांत सू म्हणजे लिंबूटिंबू रे, नुसती गायब होते." तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली, तू फोन ठेवलास आणि माझं बोलणं तोंडातच राहिलं. पाच दिवस ते डोक्यात घोळतंय, म्हणून आज कागद-पेन घेऊन बसलोय. शेवटपर्यंत वाच, मग बोल.

तुझं म्हणणं कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आठवीत आपण मिरजेच्या स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडून फॅन्टास्टिक फोर या अमेरिकन कॉमिकचे जुने अंक किलोवारी आणायचो. मग आमच्या वाड्यात खेळ. तू बेन ग्रिम, अंगाला पोतं गुंडाळून दगडी माणूस झालेला. मी जॉनी, आगीचा. तुझा दादा रीड. सू व्हायला कुणीच तयार नसायचं, म्हणून नंदाला सू करायचं. आणि सू दिसत नाही, म्हणजे तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्यावर राज्यसुद्धा द्यायचं नाही. नंदा अर्धा अर्धा तास जिन्याखाली उभी असायची. तो नियम आपणच केला होता, दिग्या. मला तो आता बोचतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पहिला अंक आठव, नोव्हेंबर 1961चा, किंमत दहा सेंट. लिहिणारा स्टॅन ली, काढणारा जॅक कर्बी. आभाळात चौघांना बोलावणारी धुराची अक्षरं उमटतात. सू कुणा बड्या घरच्या मैत्रिणीकडे चहाला बसलेली असते. अक्षरं दिसताच ती तिथल्या तिथे नाहीशी होते आणि रस्त्यावर येते. लोकांना धक्के लागतात, पण कुणाचे ते कळत नाही. ती टॅक्सीत बसते, उतरताना पैसे देते, तर ड्रायव्हरला हवेत तरंगणाऱ्या नोटा दिसतात आणि त्याची बोबडी वळते. लहानपणी आपण त्या टॅक्सीवाल्याला हसलो होतो. मध्यंतरी ते पान पुन्हा पाहिलं तेव्हा वेगळंच जाणवलं. कुणी बघत नसताना, भाडं न देता सहज निघून जाता आलं असतं अशा वेळी, ही बाई भाडं चुकतं करते. तिचा स्वभाव त्या एका चौकटीत आहे.

पण लिहिणाऱ्यांना तिचं काय करायचं ते सुचत नव्हतं, हे मी मान्य करतो. रीड रबरासारखा ताणला जातो, जॉनी पेटतो, बेन भिंती फोडतो. सू गायब होते आणि पुढच्या पानावर पकडली जाते. वाचकांनी पत्रं पाठवली की ही काहीच करत नाही, हिला काढा. 1963च्या अकराव्या अंकात तर हे गोष्टीतच आणलं. ती पत्रं वाचून सूला रडू येतं, आणि रीड आणि बेन वाचकांना समजावतात की अब्राहम लिंकनच्या आईचं उदाहरण घ्या. म्हणजे काय, तर थोर पुरुषाच्या मागे उभं राहण्यातच हिचं महत्त्व. हे वाचून मला अजून चीड येते. हेतू चांगला असेल, पण हा बचाव आरोपापेक्षा वाईट होता.

आणि मग बाविसावा अंक, जानेवारी 1964. रीड प्रयोगशाळेत सूच्या शक्तीची चाचणी घेतो आणि दोन गोष्टी कळतात. एक, ती दुसऱ्या माणसांना आणि वस्तूंनाही अदृश्य करू शकते. दोन, ती आपल्याभोवती आणि दुसऱ्याभोवती न दिसणारी भिंत उभी करू शकते. फोर्स फील्ड. तू मंगळवारी ज्या सूबद्दल बोललास ती या अंकाआधीची आहे. 1964 सालीच ती मागे पडली.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तुला माहीत आहे, मी पोरांना मशीन ड्रॉइंग शिकवतो. पहिल्या महिन्यातच त्यांना हिडन लाइन शिकवावी लागते. एखाद्या ठोकळ्याला आतून भोक आहे, समोरून ते दिसत नाही, तर त्याच्या कडा तुटक रेघेने काढायच्या. तुकडा जरा लांब, फट लहान, सगळे तुकडे सारख्या मापाचे. पोरं कंटाळतात. कुणी ती रेघ गाळतं, कुणी घाईत सरळ रेघ ओढून मोकळं होतं. दोन्ही चूक. रेघ गाळलीस तर कारागीर ठोकळा भरीव समजून बनवेल आणि आतला दांडा बसणारच नाही. आता आपले जुने अंक उघड. कर्बीच्या चौकटींत सू अदृश्य होते तेव्हा तिची आकृती कशी असते? तुटक रेघेची! खांदा, कोपर, केसांची कड, सगळं तुकड्या-तुकड्यांत. चित्रातल्या इतर माणसांना ती दिसत नाही, वाचकाला दिसते. मागच्या महिन्यात माझी मुलगी असा एक अंक चाळत होती. तिने विचारलं, "बाबा, हिची रेघ अशी का?" मी तिला ड्रॉइंग बोर्डापाशी नेलं, टेबलावरचा बेअरिंगचा ठोकळा दाखवला, शीटवरची तुटक रेघ दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे ती आहे, पण या बाजूने दिसत नाही." बरोब्बर. वर्गात मी हेच वाक्य वीस वर्षं पोरांच्या गळी उतरवतोय.

तिच्या माहेरचं घ्यायचं तर जॉनी तिचा धाकटा भाऊ, हे तुला माहीत आहे. आई अपघातात गेली. वडील फ्रँकलिन स्टॉर्म नावाजलेले सर्जन, पण बायको गेल्यावर जुगारात बुडाले आणि तुरुंगात गेले. 1964च्या एकतिसाव्या अंकात सू जबर जखमी होते, तेव्हा हेच वडील पळालेल्या कैद्याच्या अवस्थेत येऊन तिच्यावर शस्त्रक्रिया करतात आणि तिचा जीव वाचवतात. पुढच्याच अंकात परग्रहावरचे स्क्रल लोक त्यांच्या छातीला स्फोटक बांधून पाठवतात. ते पोरांना जवळ येऊ देत नाहीत, स्फोट स्वतःच्या अंगाखाली घेतात आणि मरतात. त्यांच्या अंगात कसलीच शक्ती नव्हती. पुढे सू जन्मभर जे करते, मधे उभं राहून घाव आपल्यावर घेणं, ते वडिलांनी अंगानेच करून दाखवलं. तिने मुलाचं नाव फ्रँकलिन ठेवलं यात काय नवल?

रीडशी लग्न 1965च्या वार्षिक अंकात, दुनियाभरचे खलनायक येऊन धुमाकूळ घालतात ते. ली आणि कर्बी स्वतः दारात येतात आणि त्यांना आत सोडत नाहीत, ती चौकट आपली लाडकी होती. 1968मध्ये फ्रँकलिन होतो, तेही सहजी नाही. चौघांना शक्ती ज्यांनी दिली त्याच वैश्विक किरणांमुळे आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं आणि तिघे पुरुष औषधासाठी थेट निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्या विश्वात जातात.

या पोराची शक्ती आईबाप दोघांपेक्षा अफाट. 1973मध्ये ती आवरेनाशी होते तेव्हा रीड काय करतो? स्वतःच्या लहान मुलावर बंदुकीसारखं यंत्र रोखतो आणि त्याचं मन बंद करून टाकतो. जग वाचवायला, म्हणे. सू त्याला सोडून जाते. पुढच्या वर्षी समुद्राखालच्या राजाने, नेमोरने, युक्ती करून दोघांचं जुळवून दिलं आणि वाचक ते विसरले. मी विसरलो नाही. बुद्धिमान माणूस घरच्या माणसाला प्रयोगातला भाग समजू लागला की काय होतं, ते त्या पानांवर आहे. रीड मला आवडतो, पण त्या दिवशी सूच बरोबर होती.

आता 1984. इथे मला जरा थांबायचंय. जॉन बर्न तेव्हा लिहायचा आणि काढायचाही. त्याने सूच्या ढालीला हजार रूपं दिली, चालायला न दिसणाऱ्या पायऱ्या, उभं राहायला न दिसणारे खांब, फेकून मारायला गोळे. सू दुसऱ्यांदा गरोदर असते, पुन्हा तोच किरणांचा त्रास. रीडला कळतं की वाचवू शकेल असा एकच तज्ज्ञ आहे, तोही खलनायक, डॉक्टर ऑक्टोपस. तो त्याला मनवतो, वाटेत त्याच्याशी झुंजतो, पुन्हा मनवतो, घेऊन येतो. आणि दवाखान्याच्या दारात डॉक्टर सांगतात की उशीर झाला, बाळ गेलं. अंक 267, शीर्षक 'अ स्मॉल लॉस'. दिग्या, त्या अंकाची बहुतेक पानं रीड आणि ऑक्टोपसच्या झटापटीची आहेत. सू आत खाटेवर आहे आणि आपल्याला जवळपास दिसतच नाही. तिने तर शक्तीही वापरलेली नाही. ज्या बाईने सगळ्यांभोवती भिंत धरली, तिला आपल्या पोटातल्या जिवाभोवती ती धरता आली नाही, आणि ते दुःख तिच्या तोंडून सांगायला त्या अंकात जागाही नव्हती. मी तो अंक पहिल्यांदा वाचला तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, मला मारामारी आवडली होती. आमची पहिली वेळ गेली त्या पावसाळ्यात मी तो पुन्हा वाचला. तू रात्रीच्या गाडीने आला होतास, आठवतं? तेव्हा तुला हे सांगता आलं नव्हतं. मीही त्या रीडसारखाच डॉक्टरांच्या मागे, रक्ताच्या बाटल्यांच्या मागे धावत होतो, आणि ती आत एकटी होती.

ते दुःख पुढच्या वर्षी दुसऱ्याच वाटेने बाहेर आलं. सायको-मॅन नावाचा माणूस लोकांच्या मनातल्या भावनांशी खेळतो. त्याच्या डावात सापडून सू 'मॅलिस' होते, काळ्या पोशाखातली, द्वेषाने पेटलेली, आणि घरच्यांवरच चालून येते. तिथे पहिल्यांदा दिसतं की ती मनात आणलं तर तिघांना भारी पडते. आजवर तिने ते मनात आणलं नव्हतं एवढंच. तिला भानावर आणल्यावर नोव्हेंबर 1985च्या अंकात ती सायको-मॅनला गाठते, बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगते आणि आतून त्याची किंकाळी ऐकू येते. तिने काय केलं ते बर्न दाखवत नाही. ते न दाखवणं मला फार योग्य वाटतं. आणि त्याच अंकात ती सांगते की आता इन्व्हिजिबल गर्ल उरली नाही, यापुढे मी इन्व्हिजिबल वूमन. चोवीस वर्षं, लग्न झालं, पोर झालं, एक पोर गेलं, तरी लोक तिला 'गर्ल' म्हणत होते. नाव बदलून घ्यायला तिला स्वतः उठावं लागलं.

नंतरचं तुला थोडं ठाऊक आहे. 2002मध्ये व्हॅलेरिया जन्मते, पुन्हा तसंच संकट, आणि या वेळी जॉनी जाऊन चक्क त्यांच्या कट्टर वैऱ्याला, डॉक्टर डूमला, आणतो. डूम दोघींना वाचवतो, पण नाव मी ठेवणार या अटीवर. 2004मध्ये सू आणि जॉनीच्या शक्तींची अदलाबदल होते, ती पेटते आणि तो गायब होतो, कारण तिची शक्ती वापरून पूर्ण ग्रह ग्रहभक्षक गॅलॅक्टसपासून लपवता येतील म्हणून परग्रहवाले तिला न्यायला आलेले असतात. पूर्ण ग्रह, दिग्या! लिंबूटिंबू म्हणतोस तिला.

लोक म्हणतात सूची शक्ती बदलत गेली. मला वाटतं शक्ती पहिल्यापासून एकच होती. चहाच्या टेबलावरून उठलेल्या मुलीत ती होतीच, लिहिणाऱ्यांना सापडायला वेळ लागला. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसते. तिच्या ढालीवर घाव बसला की तो कळ होऊन तिच्या डोक्यात उतरतो. मोठा घाव असेल तर कधी कधी नाकातून रक्तही येतं. आत उभे असलेल्यांना फक्त एवढंच कळतं की आपल्याला काही लागलं नाही.

आता काम. त्या रद्दीच्या गठ्ठ्यातला 284वा अंक, सायको-मॅनच्या किंकाळीचा, वाटण्यांत तुझ्याकडे गेला होता. लोखंडी ट्रंकेत असेल, काकूंना विचार, त्यांना नक्की आठवेल. दिवाळीला येशील तेव्हा तेवढा घेऊन ये. भाऊबीजेला नंदा येणार आहे. फोनवर ती विचारत होती, तुम्ही दोघं अजून ती पुस्तकं वाचता का. मी हो म्हणालो. मग ती थोडा वेळ गप्प होती आणि म्हणाली, "मला कधी वाचायला दिलीच नाहीत तुम्ही."

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. अंक विसरू नकोस.

तुझा,
सुध्या