चौकटीमागचं नाव

आदरणीय दीपक घारे सर,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी शाळेतला ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून स्मरणचित्रं घोटून घेण्यात माझी वर्षं गेली. हे पत्र एका चुकीमुळे लिहितोय.

सातवीतल्या एका मुलीनं आजीच्या घरातलं चौकटीतलं चित्र वर्गात आणलं. जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, सहीचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. ‘सर, कुणाचं?’ मी रुबाबात सांगून टाकलं, ‘मुळगावकर!’

रात्री चैन पडेना. सुहास बहुळकर आणि तुम्ही संपादित केलेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड काढला. २०१३ साली साप्ताहिक ‘विवेक’नं काढलेला हा खंड तेव्हाच हप्त्यानं घेतला होता, घरच्यांची बोलणी खाऊन. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६), दोघेही गोव्याचे, दोघेही मुखपृष्ठांचे राजे. दोन्ही नोंदी वाचल्या नि चित्र पुन्हा दिव्याखाली धरलं. मुळगावकरांचा तो तुकतुकीत मऊपणा त्यात नव्हताच. रेषा दलालांची होती. दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं. पोरं खूश! मास्तर चुकल्याचा आनंद वेगळाच.

सर, तुमच्यासारख्या कलासमीक्षकाला मत मांडायची सवय असते. कोशात मात्र जन्मसाल, गाव, गुरू, हे आधी पक्कं करावं लागतं. आणि आपल्याकडच्या चित्रकारांची कागदपत्रं म्हणजे कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत. तरी तुमच्यातला समीक्षक गप्प बसलेला नाही, हे निवडीतच दिसतं. अकारविल्ह्यानं जाताना मुखपृष्ठवाल्या दलालांपासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या नामवंत म. वि. धुरंधरांपर्यंत फार पानं उलटावी लागत नाहीत. आमच्या शिक्षणात मात्र कॅलेंडर नि मुखपृष्ठवाल्यांना ‘कमर्शियल’ म्हणून पायरीखाली बसवलेलं. मीही तसंच शिकवत होतो, हेही इथेच कबूल करतो.

२०२१मध्ये या कामाची इंग्रजी आवृत्ती आली. चांगलंच झालं. पण मराठी खंड आधी आला, याचा मला जरा जास्तच आनंद आहे. माझ्या मुलांना तो वाचता येतो. खडूचे डाग पडलेत त्यावर, माफ करा.

बहुळकर सरांनाही नमस्कार सांगावा.

त्या मुलीच्या आजीनं चौकटीमागे पेन्सिलीनं ‘दलाल’ असं लिहून घेतलंय.

आपला,
एक ड्रॉइंग मास्तर