सूचना : बाळासाठी पावडरचे दूध करताना घ्यावयाची काळजी

मंडळातील सर्व सभासद भगिनींना कळविण्यात येते की, डॉक्टरांनी बाळाला पावडरचे दूध सांगितले असल्यास ते करताना पुढील दक्षता घ्यावी. डब्यातील पावडर निर्जंतुक नसते. म्हणून एक लिटर पाणी खळखळून उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्यापूर्वीच, उकळून घेतलेल्या बाटलीत घेऊन त्यात पावडर मिसळावी आणि बाटली गार पाण्यात धरून दूध कोमट करावे. पाणी आधी मोजावे, पावडर नंतर, तीही डब्यातल्याच चमच्याने सपाट मापून. डबा महिनाभर पुरावा म्हणून दूध पातळ केल्यास बाळाचे पोषण तर होत नाहीच, उलट जिवावर बेतू शकते. उष्टे दूध टाकून द्यावे. कोल्हापुरात पंचगंगेला पूर आल्यावर टँकरचे पाणी वापरावे लागले, तर ते उकळण्यात मुळीच हयगय करू नये. घरातील ज्येष्ठांनाही नम्र विनंती, की गंगावेशीच्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध पैलवानांना लखलाभ असो, परंतु वर्षाच्या आतील बाळाला म्हशीचे दूध पावडरच्या दुधाऐवजी, अगदी उकळूनही, देऊ नये.