सूचना : पावसाळ्यात पाय आणि तळहात सांभाळा

सर्व सभासदांना,

बडोद्यात पाऊस असला तरी कमाटीबागेतला सकाळचा सराव सुरूच राहील. मात्र बऱ्याच जणांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या दिसताहेत. ही बुरशी ओलाव्यावर पोसते. घरी गेल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे पुसा. भिजलेले बूट पुरते वाळल्याशिवाय घालू नका. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासली की फोड येतात. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका, आतली जखम तीच झाकते. मधुमेह असणाऱ्यांनी घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरांना दाखवावं, ही कळकळीची विनंती.

दोरीचा मल्लखांब करणाऱ्यांनी तळहाताचे घट्टे आंघोळीनंतर वज्रीने हलकेच घासावेत. जास्त वाढलेला घट्टाच फाटतो.

धावायचा कंटाळा येतो, असं काहींनी कळवलंय. वेग कमी करा, शेजारच्याशी बोलता येईल इतकाच ठेवा. जोडीदार ठरवून या. कुणी वाट पाहत असलं की अंथरूण सुटतं. शिवाय नवरात्रातल्या गरब्याचा दम इथेच तयार होतो!

शनिवारी सरावानंतर सगळ्यांचे पाय बघू. नखं सरळ कापून या, दाखवायला संकोच करू नका.