मराठी अर्जालाही तारीख पडू द्या: पेटंट नियम ९ बाबत खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री यांस,
स. न. वि. वि.

आपल्या संस्कृतीतच संशोधन नाही, असं ऐकवणाऱ्यांची कमी नाही. संस्कृती आडवी येते हे खरं. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. तो समज पुढे मावळला, त्यासाठी सरकारला काही करावं लागलं नाही. नियमातली आडकाठी मात्र सरकारनंच काढावी लागते.

पेटंट नियम, २००३ मधला नियम ९ म्हणतो की कागदपत्रं हिंदी किंवा इंग्रजीत हवीत. पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकानं वेगळी मुभा दिली तरच अपवाद. त्यामुळे मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयात मराठी अर्जाला एरवी तारीख पडत नाही, आणि पेटंटमध्ये सगळा खेळ तारखेचा: शोध नवा की नाही, हे त्या तारखेआधी काय जाहीर होतं यावरून ठरतं.

हे कुठे बोचतं ते पाहा. समजा सांगोल्याच्या एका लोहारानं बैलकोळप्यात (तण काढायच्या बैलअवजारात) सुधारणा केली: पासेचा, म्हणजे पात्याचा, कोन २० ते ३५ अंशांत बदलता येतो आणि दगड लागला की स्प्रिंग दबून पास मागे सरते. तो तोंडी सांगतो, मसुदा करणारा इंग्रजीत उतरवतो. कोन लिहितो, स्प्रिंग किरकोळ समजून गाळतो. लोहार सही करतो, कारण काय सुटलं हे त्याला वाचताच येत नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखणारा प्राथमिक अर्ज, दाखल होतं, ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये. १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा असतो, तेव्हा स्प्रिंग ध्यानात येते. पण पेटंट कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्रोव्हिजनलमध्ये ज्याचा आधार नाही त्या दाव्याला (मागितलेल्या हक्काला) जुनी तारीख मिळत नाही. मधल्या काळात कोळपं तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात सगळ्यांसमोर चालवून झालेलं असतं. प्रदर्शनाची सवलत कलम ३१ मध्ये आहे, पण ती केंद्रानं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. सुधारणेतला खरा जीव स्प्रिंगमध्ये होता, आणि नेमकी तीच हातची गेली.

आता जपानी कंपनीचं बघा. ती टोकियोत जपानीतून पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय पेटंट अर्ज) करते. तीच तारीख भारतातही धरली जाते, आणि इंग्रजी भाषांतर इथे द्यायला तिला प्राधान्य तारखेपासून (शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने मिळतात. जपानी मजकुराला भारतात जे मिळतं, ते मराठी मजकुराला मिळत नाही. (ही व्यवस्था सांभाळणारं जिनिव्हाचं आंतरराष्ट्रीय ब्यूरो तर कुठल्याही भाषेतला पीसीटी अर्ज घेतं. परदेशी अर्जासाठी लागणारी कलम ३९ ची परवानगी काढून मराठी अर्ज जिनिव्हामार्गे भारतात आणता येईल, अँटॉप हिलला थेट नाही!) जपान्यांची भाषाच संशोधनाला पोषक, असं कुणी म्हणालं तर आम्ही हसू. त्यांचा कारागीर जे सांगतो ते त्याच शब्दांत दाखल होतं, एवढाच फरक.

मागणी साधी आहे. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत प्रोव्हिजनल स्वीकारावं आणि त्याच दिवसाची तारीख द्यावी. भाषांतर पूर्ण तपशिलासोबत, त्याच १२ महिन्यांत. आकृतीतल्या प्रत्येक भागाला क्रमांक सक्तीचा करावा आणि तोच दोन्ही मजकुरांत वापरावा. मग नावावरून घोळ झाला तरी भाग ७ हा भाग ७ च राहतो. भाषांतर चुकलं तर मूळ मजकूर प्रमाण मानावा. युरोपीय पेटंट कार्यालय हेच करतं: कुठल्याही भाषेत अर्ज घेतं, दोन महिन्यांत भाषांतर मागतं आणि पुढेही मूळ मजकुराशी ताडून भाषांतर दुरुस्त करू देतं. यंत्रानं केलेलं भाषांतर कच्च्या मसुद्याला चालेल. दाव्यांना अजिबात नाही, तिथे एक 'किंवा' इकडचा तिकडे झाला तरी हक्क आक्रसतो.

परीक्षकांना मराठी कुठे येते, ही हरकत येणारच. प्रोव्हिजनलची परीक्षा होतच नाही. परीक्षा होते ती पूर्ण तपशिलाची. मूळ मजकूर उघडायची वेळ येते ती बहुधा तारखेवरून वाद झाला तर.

हे नियम कलम १५९ खाली केंद्रच करतं, त्यामुळे कायदा बदलावा लागत नाही. सगळीकडे एकदम जमत नसेल तर मुंबई कार्यालयात मराठी, गुजराती आणि कोकणीपासून सुरुवात करा. नियम ९ च्या दुरुस्तीचा मसुदा काढून हरकती-सूचना मागवाव्यात, ही विनंती.

आपले,
पेटंट आणि शेती-अवजारांच्या क्षेत्रात काम करणारे काहीजण