आबांबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

फोन तर रोजच होतो आपला, पण हे फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसले. बाबा, आबांच्या वर्षश्राद्धाला रात्री पाहुणे गेल्यावर तुम्ही ओट्यावर बसून म्हणालात ना, की गावाला आबा माहीत होते, पलटणीला माहीत होते, मला मात्र कॉलेजला जाईपर्यंत बाप वर्षातून दोन महिने भेटायचा. तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

त्या दिवशी जो उठला तो बांगलादेश युद्धातल्या जमालपूरच्या लढाईबद्दलच बोलला, आणि बोलणारच, आबा 1 मराठाचे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, जंगी पलटणीचे. डिसेंबर 1971 मधली ती गोष्ट आबांकडून मी कितीदा ऐकलीय, आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी फौजेला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, मुक्तिवाहिनीचा, म्हणजे बांगलादेशसाठी लढणाऱ्यांपैकी, एक वयस्कर माणूस ती सायकलवरून घेऊन गेला आणि तिकडच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. 10 तारखेच्या रात्री ते लोक अंधारात निसटायला निघाले, तर दक्षिणेच्या रस्त्यावर आपली पोरं आधीच मोर्चे लावून बसलेली. 11 ला जमालपूर पडलं. दुसऱ्या दिवशी टांगाईलजवळ पुंगली पुलापाशी जंगी पलटण 2 पॅराला जाऊन मिळाली, पॅराशूटने उतरलेली ती बटालियनसुद्धा मूळची मराठ्यांचीच, हे सांगताना आबा जरा ताठ बसायचे. स्वतःने काय केलं ते मात्र कधीच नाही सांगितलं. त्या युद्धाची दोन पदकं, ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’, दोन्ही फक्त 26 जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला जाताना बाहेर निघायची.

पण 11 डिसेंबर म्हटलं की आजीला जमालपूर आठवत नाही, तिला 1967 चा कोयनेचा भूकंप आठवतो. पहाटे साडेचारच्या आत, सगळे झोपेत. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, जास्त करून आपल्याच पाटण तालुक्यातली. बाबा, तुम्ही तीन वर्षांचे होता, आजीने तुम्हाला गोधडीसकट उचलून अंगणात नेलं आणि मागे माजघराची भिंत बसली. आबा सुट्टी काढून आले ते थेट मातीच्या ढिगावरच, ती अख्खी सुट्टी त्यांनी दगड वेचण्यात आणि छप्पर उभं करण्यात घालवली, आणि आधी गोठा बांधला, कारण म्हैस जगली तर पोराला दूध. चार वर्षांनी तीच तारीख आणि ते जमालपूरला. आजीला तेव्हा ते कुठे आहेत हेही माहीत नव्हतं, ती गुरुजींच्या घरी रेडिओवर बातम्या ऐकायला जायची आणि एवढंच कळायचं की लढाई चालू आहे. 16 ला ढाका पडलं, गावात साखर वाटली, तरी आजीच्या जिवाला घोर होताच. मग एक दिवस पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला आणि खालच्या कुपनावर आबांचं अक्षर होतं. त्यावरून तिला कळलं की माणूस आहे.

तर ही कुपनं. आजीने सगळी जपून ठेवलीत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, मी परवा आले होते तेव्हा तिने काढून दाखवली आणि बाबा, मी ती सगळी वाचली. मनीऑर्डरच्या कुपनावर जागा ती किती, तळहाताएवढी पण नाही. त्यात खुशाली अर्धी ओळ आणि बाकी सगळे तुम्ही. पोराची गोवर उतरली का. शाळेत नाव घालताना जन्मतारीख खरीच सांगा. वह्या कमी पडू देऊ नका, पाटीवर भागवू नका. पाढे कुठपर्यंत आले ते गुरुजींकडून लिहून पाठवा. बहात्तरच्या दुष्काळात आजीच्या माहेरी, माणमध्ये, खायचे वांधे होते, तर एका कुपनावर लिहिलंय की यातले निम्मे तिकडे द्या आणि आईला, म्हणजे त्यांच्या आईला, सांगायची गरज नाही. त्या काळात सासरवाडीला असे पैसे कोण देत होतं हो!

आई, तुझं तर तुला माहीतच आहे, पण माझ्या समाधानासाठी लिहिते. तू डीएडला गेलीस तेव्हा मी रांगत होते. गावात लोक बोलायला लागले, सून बाहेर आणि पोर घरात. आबा रिटायर होऊन कराडला बँकेत वॉचमन होते, त्यांनी दिवसाची ड्युटी बदलून मागून रात्रीची घेतली, सकाळी एसटीने घरी यायचे आणि तुझा तास संपेपर्यंत मला सांभाळायचे. झोपायचे कधी कोण जाणे. माझे लंगोट वाळत घालणाऱ्या हवालदारसाहेबांना बघायला शेजारच्या बायका मुद्दाम येऊन जायच्या म्हणे, आणि ते सरळ त्यांना चिमटे आणून द्यायला सांगायचे. मला वाटतं तुमच्यासाठी जे हातून राहिलं ते त्यांनी माझ्यासाठी केलं, बाबा.

तुम्हाला बाप कमी भेटला हे खरंच आहे, ते मी खोडून काढत नाही. लहान पोराला कुपन वाचून काय कळणार, त्याला बाप समोर लागतो. पण तिकडे बर्फात असो नाहीतर चिखलात, तुमचे पाढे कुठपर्यंत आले याची काळजी करणारा माणूस होता, आणि हे त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे. तुम्ही डबा अजून उघडलेला नाही असं आजी म्हणाली. उघडा ना. चष्मा लावून निवांत बसा, आईला पण शेजारी बसवा.

मी सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत, दिवाळीत येताना मोठे प्रिंट आणते. आणि आजीच्या फॅमिली पेन्शनचं जीवन प्रमाणपत्र स्पर्शवर, म्हणजे सैन्याच्या पेन्शनच्या वेबसाइटवर, मी आले की मीच करते, तिला उन्हातान्हात कुठे नेऊ नका, फक्त तिचं आधार आणि आबांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा कागद, एका पिशवीत काढून ठेवा. आई, गुडघ्याचा पट्टा लावत जा.

तुमची,
ताई